चाळीस पावलं

"मग ती का गेली, एवढं तरी सांगा, बाबा."

दस्तगीर अत्तारानं हे त्या महिन्यात तिसऱ्यांदा विचारलं. तिन्ही वेळा गुरुवार होता, आणि तिन्ही वेळा बुऱ्हाणबाबा दुसऱ्याच कशात तरी गुंतलेले होते. आज ते धुनीतली राख उकरत होते.

"कोण गेली?"

"सून. नातवाला घेऊन. आन् पोरगा तिच्या मागनं. मिरजेत खोली घेतली त्यांनी. माझं घर काय पडलं व्हतं का?"

बाबांनी राखेतला एक निखारा बाजूला काढला आणि त्याच्याकडं बघत बसले.

बुऱ्हाणबाबा गावाबाहेरच्या तकियेत राहत. तकिया म्हणजे फकिराची जागा. एक कौलारू खोली, पुढं धुनी, आणि भिंतीला लागून कबरस्तान. वय ऐंशीच्या पुढचं. हात सारखे थरथरत, इतके की बशी तोंडाशी नेईपर्यंत अर्धा चहा दाढीत जाई. सोबतीला माणूस कुणी नव्हतं. एक मांजर होती. तिला नाव नव्हतं. बाबा म्हणत, नाव ठेवलं की हाक मारावीशी वाटते.

दस्तगीर अठ्ठावन्न वर्षांचा. आसपासच्या सगळ्या बाजारांत त्याची अत्तराची पेटी फिरलेली. चाळीस वर्षं हिना, केवडा, खस याच हातांनी कुप्यांत भरल्यामुळं वास कातडीत मुरला होता. त्याचा त्याला कोण अभिमान. "मी कुणाकडं जेवून आलो तर चार दिवस त्या घराला कळतं, दस्तगीर येऊन गेला," असं तो चारचौघांत सांगायचा. मला त्याची ही फुशारकी कधी आवडली नाही. पण माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. आणि ही हकीकत त्यानंच मला सांगितली, आपली बाजू न सावरता सांगितली.

"मी काय कमी केलं?" तो बोटं मोडून सांगू लागला. "बाळाचं नाव मी ठेवलं. रोज सकाळी अंघोळ मी घालायचो. टाळूला केवडा लावायचो. कधी पाजायचं, कधी निजवायचं, सगळं माझं ध्यान. सुनेला बोट हलवायला लागलं न्हाई."

"हं."

"बायको जाऊन बारा वर्षं झाली, बाबा. आता घरात शिरलो की रेडिओ लावतो. ऐकायला न्हाई. कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून."

हे सांगताना त्याचा आवाज खाली गेला. बाबांनी पहिल्यांदा वर बघितलं.

"मला मुरीद करून घ्या," दस्तगीर म्हणाला. मुरीद म्हणजे शिष्य. "घराला कुलूप लावतो, इथंच राहतो. तुमचं सगळं करतो. तुमचे हात चालत न्हाईत. चहासुद्धा मी पाजीन."

"माझा चहा मला सांडू दे."

दस्तगीरला राग आला होता, पण फकिरावर रागवायचं तरी कसं.

तेवढ्यात खोलीतून आवाज आला. मांजर ओरडली, पण रोजच्यासारखी नाही. बारीक, लांबलेली, मधेच तुटलेली हाक होती.

बाबा उठायला लागले. उठता येईना.

"बघ जरा," ते म्हणाले. "अजून आठ दिवस व्हते तिचे."

आदल्या दिवशी दोन कुत्री कबरस्तानाच्या भिंतीवरून तिच्या मागं लागली होती. जड पोटानं ती कौलांवर चढली, कौल सरकलं आणि ती खाली आदळली. तेव्हापासून तिनं काही खाल्लं नव्हतं.

दस्तगीर आत गेला. बाबांच्या जुन्या कफनीवर, कोपऱ्यात, मांजर आडवी पडली होती. तिच्या शेपटीशी एक पिल्लू होतं. ओलं, बोटभर, आणि हलत नव्हतं. मांजर त्याला चाटत होती.

"मेलेलं हाय," तो आतून म्हणाला.

"आन् दुसरं?"

दस्तगीरनं वाकून बघितलं. मांजरीच्या पोटातून कळ गेली, तिचं सगळं अंग ताणलं, आणि दोन बारीक पाय बाहेर आले. पाय आधी. मग काही नाही. परत कळ, परत काही नाही.

"पायाळू हाय, बाबा. अडकलंय."

बाबा भिंत धरून दारापर्यंत आले. आपले दोन्ही हात त्यांनी पुढं केले, त्यांच्याकडं बघितलं आणि मागं घेतले.

"हे कामाचे न्हाईत. तू कर."

"मी? मला काय येतंय?"

"तुला सगळं येतं म्हणालास की."

टोमणा होता, पण बाबांचा चेहरा हसरा नव्हता. त्यांनी दस्तगीरला एक वीट धुनीत शेकायला ठेवायला लावली, खोबरेल तेलाची वाटी दाखवली आणि स्वच्छ फडकं दिलं. मग दारातच बसले.

"ओढू नको. ती जोर लावंल तेव्हा फक्त धर. खालच्या अंगाला. ती थांबली की तू पण थांब."

दस्तगीरनं बोटांना तेल लावलं. बिस्मिल्ला म्हटलं. फडक्यानं ते दोन पाय धरले. मांजरीनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं, पण गुरगुरायचं बळ तिच्यात नव्हतं.

कळ आली. त्यानं धरलं.

कळ गेली. त्यानं सोडलं नाही, पण ओढलंही नाही.

असं किती वेळ चाललं ते त्याला सांगता येत नाही. पाठीला रग लागली, थंडीच्या दिवसांतही कपाळावरून घाम ओघळला. एकदा त्याला वाटलं, पाय तुटून हातात येणार. एकदा वाटलं, ही मांजर डोळ्यांदेखत जाणार आणि बाबा आपल्याला काहीच म्हणणार नाहीत, नुसते बघतील. त्याची त्याला जास्त भीती वाटली.

मग एका कळेसरशी ते सुटलं.

पातळ पिशवीत गुंडाळलेलं, उंदराएवढं. अंगावर धड लवसुद्धा नव्हती. श्वास नव्हता.

"पिशवी फाड. तोंड पूस. डोकं खाली कर आन् चोळ. घाबरू नको, चोळ."

दस्तगीर चोळत राहिला. पाठ, छाती, पुन्हा पाठ. नाळ दोऱ्यानं बांधून कापली. पुन्हा चोळलं. बाबा काहीतरी पुटपुटत होते.

पिल्लानं तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं, आणि आला. दार करकरावं तेवढासा.

"वाचलं!" दस्तगीरच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, वाचवलं मी."

"हं."

"एवढंसं हाय बघा. या दोन हातांत वाचलं."

त्यानं ते ओंजळीत धरलं, छातीशी घेतलं, त्याच्या डोक्यावरून अंगठा फिरवला. आपल्या नातवाला पहिल्यांदा घेतलं तेव्हाही असंच झालं होतं, असं तो मला म्हणाला. सोडवेना. शेवटी बाबांनी खूण केली, तेव्हा त्यानं पिल्लू मांजरीच्या पोटाशी ठेवलं.

मांजरीनं नाक पुढं केलं. हुंगलं.

आणि तिच्या मानेवरचे केस उभे राहिले.

तिनं तोंड वळवलं आणि मेलेल्या पिल्लाला चाटायला लागली.

"अगं, हे बघ. हे जितं हाय," दस्तगीर म्हणाला. त्यानं पिल्लू पुन्हा तिच्या सडांशी सरकवलं. मांजरीनं फिस्स केलं. त्यानं तिसऱ्यांदा सरकवलं. तेव्हा ती कशीबशी उठली, मेलेलं पिल्लू तोंडात धरलं आणि पाय ओढत दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन पडली. तिथं पुन्हा त्यालाच चाटू लागली.

जितं पिल्लू कफनीवर एकटं राहिलं. ते डोकं इकडंतिकडं फिरवत होतं आणि करकरत होतं.

"येडी हाय का ही?" दस्तगीरचा आवाज चढला. "मेल्याला चाटतीय. हे माझ्यामुळं वाचलं, आन् ही..."

"हात हुंग," बाबा म्हणाले.

"काय?"

"तुझे हात. हुंग."

दस्तगीरनं हात नाकाशी नेले. तेल होतं, रक्त होतं. आणि त्या सगळ्याच्या वर हिना होता. केवडा होता.



तो बाहेर धावला. रांजणातलं पाणी घेतलं, राख घेतली, हात घासले. हुंगले. माती घेतली, घासले. पुन्हा राख. कातडी लाल झाली, नखांच्या कडांतून रक्त आलं. हिना राखेतूनही वर येत होता. ज्या वासाची तो आयुष्यभर बढाई मारत आला, त्याचीच त्याला त्या दिवशी शिसारी आली.

"जात न्हाई, बाबा."

"न्हाई जायचा."

"चाळीस वर्षांचा हाय."

"ठाऊक हाय मला."

"मग ते मरंल. माझ्यामुळं मरंल." हे मात्र तो ओरडून बोलला नाही. पार खचून बोलला.

बाबा दारातून आत सरकले. बसल्या बसल्या, हातांवर जोर देत. कफनीवरचं पिल्लू त्यांनी उचललं आणि मांजरीच्या कोपऱ्याशी गेले. मांजर त्यांना काही म्हणाली नाही. त्यांच्या हातांना धुनीचा वास होता, आणि तो तिच्या रोजच्या घराचा वास होता.

बाबांनी मेलेलं पिल्लू तिच्यासमोरून हळूच घेतलं. ती बघत राहिली.

त्यांनी जितं पिल्लू मेल्याच्या अंगावर ठेवलं. दोन्ही एकत्र ओंजळीत धरली. बाकी काही करावं लागलं नाही. हात थरथरतच होते. ते एकमेकांवर घासत राहिले, भावाचं ओलं अंग भावाच्या अंगाला पुसत राहिलं. पाठीला, पोटाला, डोक्याला.

दस्तगीर दाराबाहेरून बघत होता. आत यायचं धाडस त्याला होईना.

बाबांनी शेकलेली वीट फडक्यात गुंडाळून मागितली. दस्तगीरनं ती उंबऱ्याशी ठेवली आणि मागं सरला. बाबांनी ती ओढून घेतली, विटेच्या उबेत दोन्ही पिल्लं मांजरीच्या पुढ्यात ठेवली. जितं आणि मेलं, एकमेकांना लागून.

"मेलेलं काढा की," दस्तगीर दबक्या आवाजात म्हणाला.

"तिचं हाय ते. ती सोडंल तेव्हा सोडंल."

मग बाबा बाहेर आले. दार अर्धं ओढून घेतलं.

"आता जा."

"कुठं?"

"चाळीस पावलं."

गावात मयत झाली की माती देऊन लोक कबरीपासून चाळीस पावलं चालतात, तिथं थांबून फातिहा वाचतात आणि घरी जातात. त्यापुढं मेलेल्याचं तो बघतो आणि अल्ला बघतो. या तकियेपाशी दस्तगीर तसा कितीदा चालला होता. आईसाठी, बापासाठी, बायकोसाठी.

"बाबा, ती मयताला सोडून जाताना चालायची असतात."

"व्हय. मोज."

तो मोजत निघाला. मागं त्या बारक्या जिवाचं रडणं ऐकू येत होतं. दहाव्या पावलाला त्यानं वळून बघितलं. वीस, पंचवीस. पाय निघत नव्हते. बायकोच्या वेळी इतके जड झाले नव्हते, असं तो म्हणाला, आणि हे सांगताना त्याला लाज वाटली. चाळिसाव्या पावलावर चिंचेचं झाड होतं. तो तिथं थांबला.

बाबा काठी टेकत मागून आले. चिमूटभर राख त्यांनी हवेत सोडली. ती खोलीच्या दिशेनं उडाली.

"वारा तुझ्याकडनं तिकडं चाललाय. पलीकडं चल."

ते वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले. तिथं झाड नव्हतं. दारापासून दहा-बारा पावलांवर, खोलीकडचा वारा अंगावर येईल अशी, एक जुनी, नाव पुसलेली कबर होती, तिच्या शेजारी ऊन होतं. दोघं जमिनीवर बसले.

"पाठ कर," बाबा म्हणाले.

"कुणाला?"

"दाराला."

दस्तगीर पाठ करून बसला. आता त्याला फक्त रडणं ऐकू येत होतं. ऊन होतं तरी गार वारा पाठीला लागत होता. समोर नुसत्या कबरी, वाळलेलं गवत, आणि लांबवर उसाचं एक शेत.

"घेईल का ती?"

बाबा काठीनं मातीत रेघ ओढत राहिले.

"तुमी बघून या. तुमच्या हातांना वास न्हाई."

"मी पण बाहेरचाच."



"इतकी वर्षं तुमच्यापाशी हाय ती."

"माझ्यापाशी न्हाई. इथं हाय."

पिल्लू रडत होतं. आता आवाज बारीक झाला होता. दस्तगीरनं गवताची काडी उपटली, तिचे तुकडे केले, मग त्या तुकड्यांचे तुकडे. गुडघ्यावरचा हात दुसऱ्या हातानं दाबून धरला.

"शबनम दार लावून घ्यायची," तो म्हणाला.

सुनेचं नाव बाबांनी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आजवर ती नुसती सून होती.

"बाळाला पाजताना. मी म्हणायचो, दार कशापायी लावतीस, वारा येऊ दे की. आन् ढकलून आत जायचो. पांघरूण नीट करायला. ती उठून उभी राहायची... काय बोलायची न्हाई. नुसती उभी राहायची, बाळाला घेऊन, भिंतीकडं तोंड करून."

दस्तगीरनं गवताचे तुकडे मांडीवरून झटकले.

"मला वाटायचं, अदब राखतीय."

हे बोलून तो रडायला लागला. मोठ्यानं नाही. खांदे हलत होते तेवढंच. शेजारच्या माणसानं पाठीवरून हात फिरवावा अशी ती वेळ होती, आणि बाबांनी तो फिरवला नाही. ते आपले थरथरते हात मांडीत घेऊन शेजारी बसून होते.

ऊन कलायला लागलं.

आणि खोलीतलं रडणं थांबलं.

एकदम थांबलं. दस्तगीरनं बाबांकडं बघितलं.

"थांबलं, बाबा."

"व्हय."

"म्हणजे... गेलं का?"

"ठाऊक न्हाई."

"बघतो मी. लांबनंच बघतो. दारातनं."

"आन् घेतलं असंल तर?"

दस्तगीर अर्धा उठलेला होता, तसाच राहिला. बघायला जावं, तर जितं असलेलं मरेल. न जावं, तर कदाचित मेलेलंच असेल, आणि आपण इथं उन्हात बसलेलो. आयुष्यात असं काही न करता बसायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. धंदा, घर, पोरगा, सून, कुठंही काही झालं की तो आधी जाऊन हात घालायचा.

तो खाली बसला.

सगळं चिडीचूप. एक होला कबरीवर उतरला, दाणे नाहीत हे बघून उडून गेला. पडक्या भिंतीमागून कुणाच्या तरी शेळ्या गेल्या. दस्तगीरनं डोळे मिटून घेतले. काय मागावं ते त्याला सुचेना. दरवेळी मागताना तो "माझ्या पोराला," "माझ्या नातवाला" असं मागत आला होता. या पिल्लाला माझं म्हणायचं त्याच्या जिवावर आलं.

मग वारा पडला.

आणि त्या शांततेत, अगदी हळू, खोलीतून घुरघुर ऐकू आली. मांजर घुरघुरत होती. मधे थांबली, पुन्हा सुरू झाली. तिच्या आडून एक बारीक चुकचुक येत होती. ऐकायला कान टवकारावे लागत, पण होती.

दस्तगीरनं तोंडावर हात दाबून धरला. बोटांतून पाणी ओघळत होतं. किती वेळानं कोण जाणे, त्यानं हात काढला, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि आनंदानं उठला.

"पितंय, बाबा. पितंय ते. एकदा नुसतं डोळ्यांनी बघतो."

बुऱ्हाणबाबांनी मान वर केली.

"ऐकू आलं का तुला?"

"आलं."

"मग बस."